पंजाबी म्हणून आपण काय खातो?

रविवारी रात्री आठच्या सुमारास वाकडच्या दत्त मंदिर रस्त्यावरून सहज चक्कर मारा. कुठल्याही ‘फॅमिली रेस्टॉरंट’च्या दारात दहा-वीस माणसं ताटकळत उभी दिसतील. एक मुलगा हातात वही घेऊन नावं पुकारत असतो. आजोबांना कुठून तरी खुर्ची मिळालेली असते, लहान मुलं बडीशेपेच्या वाटीत हात घालून बसलेली असतात. अर्ध्या तासाने टेबल मिळालं की मेनूकार्ड उघडायचं नाटक होतं. नाटकच म्हणायचं, कारण काय मागवायचं ते घरून निघतानाच ठरलेलं असतं. वन बाय टू सूप, मसाला पापड, पनीरची एक भाजी, एखादी व्हेज कोल्हापुरी, बटर रोट्या आणि शेवटी एक जिरा राईस, एक दाल तडका. याला आपण ‘पंजाबी जेवण’ म्हणतो.

मी बरीच वर्षं केटरिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवलं. पहिल्या तासाला माझा ठरलेला प्रश्न असे, पंजाबी भाजी म्हणजे काय? उत्तरं मजेशीर यायची. ‘लाल असते’, ‘गोडसर असते’, ‘तिच्यावर क्रीम असतं’. एक मुलगा म्हणाला होता, ‘सर, घरी जमत नाही ती पंजाबी भाजी.’ वर्ग हसला, पण त्या मुलाने नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं.

या पदार्थांचं मूळ शोधायला निघालो तर आपण पंजाबच्या खेड्यात पोहोचत नाही, दिल्लीच्या दर्यागंजमध्ये पोहोचतो. साल १९४७. फाळणीत पेशावर, रावळपिंडी, लाहोर सोडून लाखो माणसं दिल्लीत आली. त्यांत पेशावरहून आलेले कुंदनलाल गुजराल आणि कुंदनलाल जग्गी होते. त्यांनी भागीदारीत ‘मोतीमहल’ हे हॉटेल काढलं. पेशावरकडची मांस भाजायची तंदूर त्यांनी दिल्लीच्या हॉटेलात आणली. तंदुरी चिकन लोकप्रिय झालं. भाजलेल्या कोंबडीचे तुकडे टोमॅटो, लोणी आणि साय यांच्या रश्शात घोळवून बटर चिकन झालं, आणि काळ्या उडदाच्या डाळीवर तोच संस्कार होऊन दाल मखनी झाली. यातलं नेमकं कुणी काय शोधलं, यावरून दोन्ही घराण्यांचे वारस जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात समोरासमोर आले. पणजोबांच्या आमटीवरून कोर्टात जायची वेळ आपल्याकडे अजून आलेली नाही, एवढंच म्हणतो.

तंदूर पंजाबच्या खेड्यांतही होती, पण ती भाकऱ्या-रोट्यांसाठी. गल्लीत एक सामाईक भट्टी, तिला म्हणायचे सांझा चुल्हा. बायका घरून कणीक मळून आणायच्या, रोट्या लावायच्या आणि गप्पा मारून घरी जायच्या. पनीर बटर मसाला त्या चुलीवर शिजत नव्हता.

त्या फाळणीचे धागेदोरे आपल्या दारापर्यंत आलेले आहेत. वाकडपासून फार लांब नाही, त्या पिंपरी कॅम्पात सिंधी निर्वासितांची वसाहत तेव्हाच उभी राहिली. त्यांनी इथे येऊन कापडाची, किराण्याची, खाण्याची दुकानं थाटली. घरदार गेलेल्या माणसाला सगळ्यात आधी सुरू करता येतो तो खाण्याचा धंदा. भांडवल थोडं लागतं आणि हातातली कला सीमेवर कुणी काढून घेत नाही.

दर्यागंजची ही चव महाराष्ट्रात पसरली, त्यात मोठा वाटा आहे आपल्या उडप्यांचा. मुंबई-पुण्यात इडली-डोशाची हॉटेलं चालवणाऱ्या शेट्टी मंडळींनी हेरलं की सकाळी डोसा खाणारं गिऱ्हाईक रात्री सहकुटुंब येतं, तेव्हा त्याला काहीतरी भारदस्त हवं असतं. मग एकाच कार्डावर साऊथ इंडियन, पंजाबी आणि चायनीज असे तीन विभाग आले. कोंबडीच्या जागी पनीर आलं आणि बटर चिकनची शाकाहारी बहीण घरोघरच्या वाढदिवसाला पोहोचली. दुसरी वाट हमरस्त्याची. मुंबई-बंगळूर महामार्गावरच्या ट्रकचालकांमागे ढाबे आले, ढाब्यामागे काळी डाळ आणि तंदुरी रोटी.

वाकड या दोन्ही वाटांच्या संगमावर आहे. म्हातोबाचं हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. शेजारी हिंजवडीत आयटी पार्क उभं राहिलं, शेतांच्या जागी सोसायट्या उठल्या आणि लखनौ, कानपूर, पाटणा, इंदूर, लुधियाना इथली पोरं-पोरी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. त्यांना रात्री जेवायला हवंच होतं. म्हणून इथे दर दहा पावलांवर तंदूर पेटलेली दिसते.

आता जरा आत, भटारखान्यात जाऊ. कार्डावर पन्नास भाज्या असतात आणि कुठलीही मागवा, दहा मिनिटांत टेबलावर येते. घरी नुसता कांदा नीट परतायला अर्धा तास लागतो, मग हे कसं जमतं? गुपित असं आहे की भाज्या पन्नास असल्या तरी रस्से तीन-चारच असतात. ते सकाळीच मोठ्या पातेल्यांत तयार होतात. लाल ग्रेव्ही म्हणजे टोमॅटो, काजू, लोणी, काश्मिरी मिरची, थोडी साखर किंवा मध आणि शेवटी कसुरी मेथी. पांढरी ग्रेव्ही म्हणजे उकडलेला कांदा, काजू आणि मगज, म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया. पिवळी किंवा तपकिरी म्हणजे तळलेला कांदा, आलं-लसूण, हळद, धने. शिवाय बारीक चिरलेल्या कांदा-टोमॅटोचा परतलेला मसाला, त्याला आचारी ‘चॉप मसाला’ म्हणतात. पालकाची हिरवी पेस्ट वेगळी.

संध्याकाळी ऑर्डर आली की आचारी नुसतं गणित मांडतो. लाल ग्रेव्हीत पनीर, लोणी, क्रीम, झालं पनीर बटर मसाला. पांढरीत केशर-वेलचीचा वास, झालं शाही पनीर. चॉप मसाल्यात ढोबळी मिरची आणि भरड कुटलेले धने-लाल मिरची, झालं कढाई. पिवळीत लाल मिरचीची पेस्ट आणि वर तेलाची तर्री, झालं व्हेज कोल्हापुरी. कोल्हापूरच्या माणसाला तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबद्दल विचारा, तास-दीड तास बोलेल. व्हेज कोल्हापुरीबद्दल विचाराल तर तो तुमच्याकडेच संशयाने पाहील.

यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या घरीही कांदा-खोबऱ्याचं वाटण एकदाच करून फ्रीजमध्ये ठेवतात आणि आठवडाभर मटकीपासून वांग्यापर्यंत सगळ्यांना लावतात. रात्री दोनशे पानं उठवायची तर दुसरा मार्ग नाही. मात्र एका टेबलावर पनीर बटर मसाला, मलई कोफ्ता आणि काजू करी अशा तीन भाज्या मागवल्या, तर साधारणपणे आपण एकाच घराण्यातल्या तीन भावंडांचे पैसे मोजत असतो.

या रश्श्याचा दाखलाही एकदा तपासून पाहावा. टोमॅटो, मिरची आणि काजू, तिन्ही अमेरिका खंडातले. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणला आणि तिथून तो आपल्या कोकणात रुजला. कसुरी मेथीला नाव मिळालं ते कसूर गावावरून, जे लाहोरजवळ, आज पाकिस्तानात आहे. आपल्याकडे येते ती बहुतेक राजस्थानातल्या नागौरची. म्हणजे वाकडच्या वाटीत ब्राझील, गोवा, लाहोर आणि नागौर एकत्र नांदतात. पंजाब कुठे आहे, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

तो प्रश्न मला आमच्याच सोसायटीतल्या एका आजींनी विचारला. आजी लुधियानाजवळच्या. मुलगा हिंजवडीत नोकरीला, त्याच्याकडे हिवाळ्यात राहायला आल्या होत्या. त्याच्या बढतीच्या निमित्ताने आम्ही दोन्ही कुटुंबं जवळच्या हॉटेलात गेलो. मुलाने आईला आवडेल म्हणून कार्डावरचं सगळं पंजाबी मागवलं. आजींनी डाळ आणि एक तंदुरी रोटी खाल्ली, लाल वाटीतला एक घास घेतला आणि हळूच मला म्हणाल्या, ‘भाईसाब, ये तो मिठाई है. इसमें पंजाब कहाँ है?’

पुढच्या रविवारी त्यांनी आम्हाला घरी जेवायला बोलावलं. कढी-पकोडे, दुधीची भाजी, भिजवलेल्या राजम्याचा पातळसर रस्सा, भात, फुलके, मुळ्याचे काप आणि ताक. साय नाही, काजू नाहीत. मोहरीचा साग त्यांनी सकाळीच चुलीवर चढवला होता. मंद आचेवर दोन-अडीच तास घोटत राहायचं आणि शेवटी मक्याचं पीठ लावायचं, आपण पालेभाजीला डाळीचं पीठ लावतो तसंच. त्याला त्या ‘आलण’ म्हणतात. पनीर घरी होतं का, असं मी विचारलं. म्हणाल्या, होतं की, मटार-पनीर, पण पाहुणे आले तर, आणि पाण्यासारख्या रश्श्यात. माझ्या बायकोने त्या साग-रोटीकडे पाहून पिठलं-भाकरीची आठवण काढली आणि पुढचा तासभर दोघींचं एकमेकींच्या भाषेशिवाय उत्तम जमलं.

त्यांचा मुलगा मात्र गप्प होता. नंतर लिफ्टपाशी म्हणाला, ‘अंकल, पाच वर्षं रोज बाहेरचं खातोय. मला वाटायला लागलं होतं की हेच आमचं जेवण.’ वाकडमध्ये अशी किती मुलं असतील! परक्या गावात घरची चव शोधत ती तंदूरपाशी येतात आणि तिथे त्यांना मिळते ती दर्यागंजची, तीही दोन-तीन हात फिरून आलेली. आणि आपल्या मराठी मुलांचं तरी काय? म्हातोबाच्या गावात फॅमिली रेस्टॉरंटच्या कार्डावर मराठी म्हणून सापडतं ते बहुधा ‘व्हेज मराठा’ नावाचं आणखी एक लाल प्रकरण. भाकरी खायची तर ‘गावरान’ पाटी शोधत फिरावं लागतं.

बनवणाऱ्यांकडेही बघायला हवं. मी ज्या भटारखान्यांत वावरलो, तिथे तंदूरवाला कधी गढवालचा असे, कधी नेपाळचा, कढईवर कधी बिहारचा तर कधी ओडिशाचा. पंजाबचा माणूस मला क्वचितच भेटला. दुपारी चारला, गिऱ्हाईक ओसरलं की त्यांची पंगत बसते. डाळ, भात, बटाट्याची सुकी भाजी, कच्चा कांदा आणि हिरवी मिरची. लाल ग्रेव्हीच्या पातेल्याला त्यांतला एकही हात लावत नाही. भट्टीपाशी उन्हाळ्यात उभं राहून पाहा, या पगारात हे काम आपण करू का, असा प्रश्न पडतो.

आता पनीरविषयी थोडं सविस्तर, कारण इथे प्रश्न चवीपुरता राहत नाही. बाजारात ‘अ‍ॅनालॉग’ नावाचा प्रकार असतो. दिसायला पनीरच, पण दुधाच्या चरबीच्या जागी वनस्पती तेल, सोबत दूधभुकटी, कधी स्टार्च. तो खूप स्वस्त पडतो. कायद्यानुसार साध्या पनीरमध्ये पाणी वगळून उरलेल्या वजनात निम्मी तरी दुधाची चरबी असावी लागते. अ‍ॅनालॉग विकायला बंदी नाही, पण तो पनीर म्हणून विकता येत नाही. मार्च २०२५ मध्ये हा विषय आपल्या विधानसभेतही गाजला. ज्या घरात मुलांना प्रथिनं मिळावीत म्हणून आई-बाप मुद्दाम पनीरची भाजी मागवतात, त्या घराला हे कळायलाच हवं. मॅनेजरला सरळ विचारावं, ‘पनीर दुधाचं आहे की अ‍ॅनालॉग?’ संकोच करू नका. आपण भाजीवालीला मेथी जुडी सोडून दाखवायला सांगतो, तेवढाच हा हक्क आहे. डेअरीतून आणलेलं पनीर घरी तपासायचं तर तुकडा पाण्यात उकळून गार करावा आणि टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळा रंग आला की स्टार्च आहे. रंग आला नाही म्हणजे माल शुद्ध, असं मात्र समजू नका. तेलाची भेसळ या परीक्षेत कळत नाही.

मग मागवायचं काय? मी स्वतः हॉटेलात गेलो की घरी होत नाही ते मागवतो, म्हणजे तंदूरमधलं. मातीच्या त्या रांजणात आतली भिंत साडेतीनशे अंशांच्या आसपास तापलेली असते. तेवढी आच आपल्या गॅसवर मिळत नाही. म्हणून भाजलेलं पनीर, भाजलेला फ्लॉवर, खाणाऱ्यांसाठी चिकन, यांना हॉटेलात अर्थ आहे. सोबत ग्रेव्हीची भाजी एकच. दुसरी हवी तर सुकी घ्या, भेंडी किंवा जिरा आलू. काळी डाळ जिथे रात्रभर मंद निखाऱ्यावर ठेवतात, तिथे ती जरूर घ्या. ती तशी ठेवतात का हे वेटरला विचारलं तर तो खरं सांगतो, असा माझा अनुभव आहे. रोट्या आणि नान एकदम आठ मागवू नका. नान तंदूरमध्ये मिनिट-दीड मिनिटात भाजून निघतो आणि गार होताना मैद्यातला स्टार्च घट्ट होऊन पाच-दहा मिनिटांत वातड होतो. दोन-दोन करून मागवा. वेटर थोडी कुरकुर करेल, पण शेवटचा नानही पहिल्यासारखाच मऊ लागेल.