इंदोऱ्यातली सॅक्सोफोनची शिकवणी

नागपुरात कामठी रस्त्यावर, इंदोरा चौकाच्या मागच्या गल्लीत, संध्याकाळी सॅक्सोफोनची शिकवणी चालते. शिकवणारे लष्करी बँडमधून निवृत्त झालेले. मुलं त्यांना मास्तर म्हणतात. मुलं बहुतेक लग्नाच्या बँडपथकांतली, एखाददुसरा ऑर्केस्ट्रात वाजवणारा.

पहिलं काम रीडचं. बोरूसारख्या गवताची ही बोटभर पट्टी टोकाशी इतकी पातळ असते, की उजेडाकडे धरली तर पलीकडचा प्रकाश दिसतो. तोंडात धरून ती ओली करायची, माउथपीसच्या कडेशी बरोबर जुळवायची आणि मग स्क्रू आवळायचे. सूर या पट्टीच्या कंपनातून निघतो, म्हणून अख्खं पितळेचं असूनही पाश्चात्त्य संगीतात हे वाद्य क्लॅरिनेटच्या घरातलं मानतात. आदोल्फ साक्स या बेल्जियन कारागिरानं 1846 साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं, ते लष्करी बँड डोळ्यांपुढे ठेवून. नागपूरच्या मे महिन्यात रीड बघता बघता वाळते, टोक वाकडंतिकडं होतं. म्हणून मास्तर एकाच रीडवर भिस्त ठेवू देत नाहीत. वाजवून झालं की पुसून काचेवर सपाट ठेवायला लावतात.

मग लांब सूर. एकच सूर, दम पुरेल तोवर, न हलता. नव्या पोराचा सूर चिरकला की मास्तर म्हणतात, "दातानं दाबून राहिला तू. खालचा ओठ दातावर घे, अन् श्वास पोटातून सोड." वरचे दात माउथपीसवर टेकलेले, खालचा ओठ रीडखाली उशीसारखा, सगळी करामत या ओठाची.

पट्टीचा हिशेब तोंडपाठ हवा. गायक पांढरी एकमध्ये गाणार असेल, तर आल्टो सॅक्सोफोन वाजवणाऱ्यानं बोटं पांढरी सहाची धरायची, टेनरवाल्यानं पांढरी दोनची. नाचणाऱ्या वरातीत ऐनवेळी पट्टी बदलली तरी ही मुलं तो हिशेब चालता चालता करतात. याला विद्या म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

सगळ्यात अवघड मींड. बासरीत बोट भोकावरून सरकतं. इथं भोकांवर झाकणं, ती उघडी किंवा बंद. मग जबडा किंचित सैल सोडून सूर खाली ओढायचा, झाकण अर्धवट दाबून पुढच्या सुराला भिडायचं. मास्तर आधी गाऊन घेतात. "गळ्यात नाही आलं, तर पितळेत कुठून येईन बे?" कद्री गोपालनाथ यांनी याच अडचणीपायी वाद्याच्या कळांतच फेरफार करून घेतले आणि त्यावर कर्नाटक संगीत वाजवलं. गोव्यातल्या न्यूरा गावचे ब्राझ गोन्साल्विस जॅझमधून रागांकडे वळले. लुई बँक्स यांच्यासोबत त्यांनी ही वाट चोखाळली. आणि 'काश्मीर की कली'त (1964) रफींच्या आवाजाशी बोलणारा सॅक्सोफोन ज्यांचा, ते मनोहारी सिंग मुळात कोलकात्याजवळच्या बाटा कंपनीच्या ब्रास बँडमधले. मुंबईच्या स्टुडिओत ते नंतर गेले. मास्तर हे प्रत्येक नव्या पोराला सांगतात, आणि ते सांगायलाच हवं असं मला वाटतं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत, वरातीत आपण या वादकांवर नोटा ओवाळतो. नाव मात्र विचारत नाही.

शिकवणी संपली की वाद्यांची तपासणी. दिवा मालवून वायरला बांधलेला बारीक बल्ब नळीत सोडतात. कळ दाबली तरी कडेनं उजेड फटफटला, की तिथलं चामड्याचं पॅड गळतं आहे. नवं पॅड मिळेपर्यंत थांबायला वेळ नसतो. मास्तर जुन्या पॅडच्या मागचा लाखेचा थर लायटरनं ऊन करतात, पॅड सारखं करून कळ दाबून धरतात, पुन्हा बल्ब सोडतात. उजेड बंद झाला, की वाद्य मुलाच्या गळ्यात.

तुळशीचं लग्न झालं की ही शिकवणी सकाळी सातला सुरू होते. संध्याकाळ मग वरातींची.