स्कार्पेटाच्या वाचकांचं कुठे बिनसलं?

पॅट्रिशिया कॉर्नवेल यांच्या ‘पोस्टमॉर्टेम’ (१९९०) या पहिल्याच कादंबरीला एडगर पुरस्कार मिळाला. नायिका डॉ. के स्कार्पेटा, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याची मुख्य वैद्यकीय तपासनीस. कॉर्नवेल स्वतः रिचमंडमधल्या त्याच खात्याच्या कार्यालयात सहा वर्षं नोकरीला होत्या. मृतदेहांवर लेझर धरल्यावर चमकणारे बारीक कण आणि त्यावरून घेतलेला खुन्याचा माग, हा कादंबरीतला भाग वाचकांना आजही आठवतो. शवागारातलं काम इतक्या जवळून दाखवणारी लेखिका तेव्हा दुर्मीळच होती.

खरी वादावादी सुरू झाली ती स्कार्पेटाच्या मालिकेतल्या ‘ब्लो फ्लाय’पासून (२००३). आधीच्या एका कादंबरीत मेलेला तिचा प्रियकर बेंटन वेस्ली इथे जिवंत निघाला. शिवाय स्कार्पेटाचं ‘मी’ जाऊन तृतीयपुरुषी निवेदन आलं. जुने वाचक खट्टू झाले, आणि ते रास्तच होतं: प्रेत तपासताना तिच्या मनात काय चाललंय, हीच तर या मालिकेची खरी गोडी. ‘पोर्ट मॉर्च्युअरी’मध्ये (२०१०) ‘मी’ परतला. तरी कौटुंबिक ताणतणाव फार आणि तपास कमी, ही कुरकुर राहिलीच. नव्याने वाचणाऱ्यांनी सुरुवात ‘पोस्टमॉर्टेम’पासूनच करावी.