युद्धखेळांतील विमान कसें पारखावें?

युद्धखेळाच्या पटासाठीं विमानाचा प्लॅस्टिकचा संच घेतांना तो कपाटांतील शोभेच्या वस्तूहून निराळ्या कसोटीनें पारखावा, असें आम्हांस वाटतें. १९४० सालच्या ब्रिटनवरील हवाई लढाईंतलें स्पिटफायरच घ्या. मूळ विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारें ११.२ मीटर, १:७२ प्रमाणांत ते साडेपंधरा सेंटिमीटर भरतात, आणि आठ-दहा विमानांतच जेवणाचें टेबल अडतें. १:१४४ घेतल्यास लांबी निम्मी होते. पाठीवरील बिनतारी संदेशाचा खांब हुबेहूब बारीक असला, तर मुलांच्या हातीं तो पहिल्याच डावांत मोडावयाचा. तेथें तार खोंचावी. चाकें मिटवून पोटाखालीं दांडी लावावी. उडत्या विमानास चाकें हवींत कशाला? पंखांची लंबवर्तुळाकृति मात्र तंतोतंत हवी. समोरचा गडी स्पिटफायर व हरिकेन यांतला भेद ओळखतो, तो तिच्यावरूनच.