डोंगरमाथ्यावरील गावाची माती
घाटघर परिसरातील वरकस शेतीविषयी काही विचार

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी धारेवर घाटघर हे गाव वसलेले आहे. गावाच्या पश्चिमेस कडा तुटून खाली कोकण दिसते. ईशान्येस १,६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वांत उंच असे कळसूबाईचे शिखर असून दक्षिणेस रतनगड आहे. साम्रद, रतनवाडी, उडदावणे, पांजरे ही याच परिसरातील गावे होत. वस्ती मुख्यतः महादेव कोळी व ठाकर समाजाची आहे. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा नदी १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात अडविली असून तिच्या पाण्यावर खालच्या भागातील बागायत पिकते. २००८ साली घाटघर येथे २५० मेगावॅट क्षमतेचा उदंचन जलविद्युत प्रकल्पही सुरू झाला. अशा रीतीने या डोंगराचे पाणी दूरवर उपयोगी पडत आहे. परंतु खुद्द डोंगरावरील शेतकऱ्याच्या पदरात काय राहते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पाऊस उदंड, परंतु ओल थोडी

घाटघरला वर्षास सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तालुक्याच्या पूर्व भागात हेच मान पाचशे मिलिमीटरच्या आसपास उतरते. पाच हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर वर्षाकाठी पाच कोटी लिटर पाणी. इतके पाणी पडूनही फाल्गुन-चैत्रात अनेक वाड्यांतील विहिरी व झरे तळ गाठतात, हे पाहून नव्या कार्यकर्त्यास नवल वाटते.

याचे कारण जमिनीच्या घडणीत आहे. हा प्रदेश काळ्या कातळाच्या एकावर एक बसलेल्या आडव्या थरांचा बनलेला आहे. कातळात पाणी मुरण्यास जागा थोडी. पाणी साठते ते वरच्या मातीत, मुरमात आणि थरांमधील फटींत. जेथे अशी फट डोंगराच्या कुशीत उघडी पडते तेथे झरा लागतो. म्हणजे उतारावरील मातीचा थर हीच या गावांची खरी साठवण होय. तो थर पातळ झाला की पाणी पडताक्षणीच ओढ्यास मिळते आणि झरा लवकर आटतो.

माती किती जाते?

एका हेक्टरवरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला, तर सुमारे बारा ते तेरा टन माती गेली असे होते. एका बैलगाडीत अर्धा टन माती धरली तर या पंचवीस गाड्या झाल्या. एक मिलिमीटरची झीज डोळ्यांस दिसत नाही, म्हणून ती जाणवत नाही. खडे वर येऊ लागले, नागलीची ताटे खुजी राहू लागली, ओढ्याचे पाणी आषाढात तांबडे वाहू लागले, की माती चालली असे निश्चित समजावे.

वरकस जमिनीची जुनी रीत

खाचरात भात आणि उतारावर नागली, वरई व खुरासणी ही येथील पीकपद्धती आहे. वरकस जमिनीत पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी घेऊन नंतर ती काही वर्षे पडीक ठेवण्याची जुनी रीत आहे. ही रीत अडाणीपणाची नाही. पडीक काळात गवत व झुडपे वाढून माती बांधली जाते व तिचा कस भरून येतो. परंतु भावाभावांत जमिनीच्या वाटण्या झाल्या, खाणारी तोंडे वाढली आणि पडीक वर्षे कमी होत गेली. विश्रांती कमी व वाहणे तेवढेच, असा हिशेब झाल्यावर उत्पन्न घटणे क्रमप्राप्तच होते. घरचे धान्य वर्षभर पुरत नाही, म्हणून सुगी आटोपताच पुष्कळ कुटुंबे नारायणगावकडील बागायती भागात मजुरीस जातात. मातीची झीज अशा रीतीने घरातील चुलीपर्यंत येऊन पोहोचते.

जी विश्रांती आता जमिनीस देता येत नाही, तिचे काम बांध, गवत आणि खत यांच्याकडून करून घेणे हाच मार्ग उरतो.

काय करता येईल?

१. समतल रेषा आखणे. सर्व मशागत उतारास आडवी व्हावी. रेषा आखण्यास महागडी उपकरणे लागत नाहीत. सारख्या लांबीचे दोन बांबू वर एकत्र बांधून मध्ये आडवी काठी बांधावी व वरून दगड बांधलेली दोरी सोडावी. चौकट सपाट जागी उभी करून दोरी काठीवर जेथे येते तेथे खूण करावी. पाय अदलाबदल करून पुन्हा खूण करावी व दोन्ही खुणांचा मध्य काढावा. शेतात दोरी त्या मध्यावर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असे समजावे. याप्रमाणे खुंट्या ठोकीत पुढे जावे.

२. दगडी ताली व गवताचे पट्टे. शेतातील दगड वेचून समतल रेषेवर ताल रचावी. दगड नसेल तेथे वाळा किंवा मारवेल गवताचा पट्टा लावावा. दोन पट्ट्यांतील उंचीचा फरक सुमारे एक मीटर असावा. उतार तीव्र असेल तेथे पट्टे आपोआप जवळ येतील. पट्ट्यात जमीन अडकते अशी तक्रार शेतकरी करतात व ती खोटी नाही. परंतु मारवेलीचा चारा जनावरांस मिळतो आणि पट्ट्यामागे माती साचून काही वर्षांत पायऱ्या तयार होतात, हे त्यांस प्रत्यक्ष दाखवावे.

३. नागलीची ओळीत लागवड. गादीवाफ्यावर रोपे तयार करून तीन ते चार आठवड्यांची रोपे उतारास आडव्या ओळींत लावावीत. हेक्टरी चार ते पाच किलो बी पुरते. दोन ओळींत साडेबावीस व दोन रोपांत दहा सेंटिमीटर अंतर ठेवावे. ओळीत पीक असल्याने कोळपणी व खुरपणी सोपी होते आणि प्रत्येक ओळ पाण्यास लहानसा अडसर ठरते.

४. राबाविषयी विवेक. राब भाजल्याने तणाचे बी जळते व राख मिळते, हा लाभ खरा आहे. परंतु त्यासाठी दरवर्षी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या तोडल्या गेल्याने डोंगर उघडा पडतो. पालापाचोळा जाळण्याऐवजी शेणाबरोबर कुजवून गादीवाफ्यास द्यावा. तण वेळीच निंदून काढल्यास रोपे राबाशिवायही चांगली येतात. प्रथम अर्धे रोप राबावर व अर्धे गादीवाफ्यावर करून शेतकऱ्याने स्वतः तुलना करावी.

धान्याचे मोल

नागलीस हलके धान्य मानण्याची सवय सोडली पाहिजे. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो. तांदळात तो त्या मानाने नाममात्र आहे. गरोदर स्त्रिया व वाढत्या मुलांस तो अत्यावश्यक आहे. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळण्यात आले व नागलीस शहरांतही मागणी वाढली. याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभारली व त्यांस २०२० सालचा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. काळभातासारखे स्थानिक वाण या पावसात पिढ्यानपिढ्या टिकलेले आहेत. सुधारित वाणांची ओळख करून देतानाही घरचे निवडक बी जपण्यास सांगावे.

कार्यकर्त्यांस सूचना

संपूर्ण डोंगराचे काम एकदम हाती घेऊ नये. प्रत्येक वाडीत एका शेतकऱ्याचे एक शेत निवडावे. काम माथ्याकडून पायथ्याकडे करावे, कारण वरचे पाणी न अडविता खाली घातलेली ताल पहिल्याच झडीत फुटते. परिसराचा बराच भाग १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनजमिनीलगत काम करण्यापूर्वी वनखात्याशी विचारविनिमय करावा. आखणी व ताली मजुरीस गेलेली मंडळी परतल्यावर, वैशाखात उरकाव्यात. गवताची ठोंबे पहिल्या पावसात लावावीत. आषाढात प्रत्येक जोरदार झडीनंतर शेतकऱ्यासह शेत फिरून पाहावे व फुटलेली ताल त्याच दिवशी दुरुस्त करावी. तालीच्या वरच्या अंगास किती माती साचली, हे पावसाळा संपल्यावर काठीने मोजून शेजाऱ्यांस दाखवावे. दुसऱ्या वर्षी शेजारी स्वतः होऊन चौकट मागावयास येईल.