अ‍ॅव्हरेज कुणाचं खरं?

२०२५च्या पावसाळ्यात अनेक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद चांगलाच रंगला. शाळेच्या जुन्या मित्रांचा ग्रुप असो, सोसायटीचा असो की भावकीचा, सुरुवात साधारण सारखीच. कुणीतरी लिहायचं, ‘नवीन पेट्रोल आल्यापासून गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलंय.’ लगेच दुसऱ्याचं उत्तर, ‘माझी तर झकास पळतेय, तुझीच सर्व्हिसिंग राहिली असेल.’ पाचव्या-सहाव्या मेसेजपर्यंत गाडी बाजूला पडायची आणि साखर कारखानदार, केंद्र सरकार, तेल कंपन्या आणि ‘तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते’ इथवर गाडं यायचं. थोडं दूर राहून वाचणाऱ्याला एक गंमत जाणवायची. कुणाची गाडी लिटरला किती किलोमीटर जाते, याचा अंदाज त्याने मत कुणाला दिलं असावं यावरून बांधता येत होता. इंजिनाला मालकाचं मतदान कळत नाही, तरीही.

वादाचा विषय होता ‘ई-२०’, म्हणजे ८० भाग पेट्रोल आणि २० भाग इथेनॉल. २०१४मध्ये देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण जेमतेम दीड टक्का होतं. जून २०२२मध्ये ते दहा टक्क्यांवर गेलं. वीस टक्क्यांसाठी आधी २०३० साल ठरलं होतं, ते अलीकडे ओढून २०२५ करण्यात आलं आणि गाठलंही गेलं. उसाचा रस, मळी, मका, तुकडा तांदूळ यांतून हे इथेनॉल येतं. त्यामुळे महाराष्ट्रात हा प्रश्न फक्त पेट्रोल पंपावरचा उरत नाही. एकाच घरात थोरला भाऊ ऊस लावतो आणि धाकटा पुण्यात दुचाकीवरून रोज तीस किलोमीटर ये-जा करतो, अशी कितीतरी घरं आहेत.

आधी विज्ञान काय सांगतं ते पाहू. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या मानाने साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. पाचातला एक भाग इथेनॉल घातलं, की मिश्रणाची ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-साडेसहा टक्क्यांनी घटते. आधीच्या दहा टक्के मिश्रणाशी तुलना केली तर घट याच्या निम्मी. हा रसायनशास्त्राचा हिशेब आहे, त्यात पक्षाला जागा नाही.

पण इंजिन म्हणजे नुसता हिशेब नव्हे. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा पेट्रोलपेक्षा बराच जास्त असतो. म्हणजे ते जास्त दाब सहन करतं, अवेळी पेटत नाही. इंजिन त्यासाठीच बनवलेलं असेल, तर ऊर्जेची काही तूट या गुणाने भरून निघते. जुन्या इंजिनाला हा फायदा उचलता येत नाही. शिवाय इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे हवा आणि इंधन यांचं प्रमाण बदलावं लागतं. फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाडीतला सेन्सर ते आपोआप जुळवून घेतो. कार्ब्युरेटरवाली जुनी स्कूटर ते करू शकत नाही. तिच्यासाठी ते मेकॅनिकला स्क्रू फिरवूनच करावं लागतं.

नीती आयोगाने जून २०२१मध्ये जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात हे सगळं आकड्यांसह छापलेलं आहे. इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींच्या इंधनक्षमतेत सहा ते सात टक्के घट, तशाच दुचाकींत तीन ते चार टक्के, आणि वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या नव्या चारचाकींत एक ते दोन टक्के. म्हणजे घट आहे, हे सरकारी कागदच म्हणतो. आणि ती गाडीगणिक वेगळी आहे, हेही तोच म्हणतो. ‘काहीच फरक पडत नाही’ म्हणणारा चूक आहे आणि ‘अ‍ॅव्हरेज निम्म्यावर आलं’ म्हणणाराही. मग दोघेही आपापल्या गाडीची शपथ घेऊन इतक्या खात्रीने कसे बोलतात?

एक कारण अगदी साधं आहे. तीन-चार टक्क्यांचा फरक माणसाला जाणवतच नाही. लिटरला ५० किलोमीटर देणाऱ्या दुचाकीत हा फरक होतो दीड ते दोन किलोमीटरचा. टायरमध्ये हवा कमी असणं, पावसातला रस्ता, एखादा आठवडा जास्त ट्रॅफिक, पंपावर नोझल थोडं आधी किंवा उशिरा बंद होणं, यांतल्या कुठल्याही एका गोष्टीने एवढा फरक सहज पडतो. ज्याला घट दिसायची आहे त्याला वाईट आठवडा लक्षात राहतो. ज्याला ती नाकारायची आहे त्याला हायवेवरची मोकळी फेरी आठवते.

स्मरणावर किती भिस्त ठेवावी, याचा एक फार चांगला धडा औषधांच्या जगातून मिळतो. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांमुळे अंग दुखतं, थकवा येतो म्हणून अनेक रुग्ण त्या मधेच सोडतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी अशा ६० जणांना वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या. चार बाटल्यांत स्टॅटिन, चारमध्ये तशाच दिसणाऱ्या औषधविरहित गोळ्या आणि चार रिकाम्या. दर महिन्याला एक बाटली, आणि रोज मोबाइलवर त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. २०२०मध्ये निकाल आला. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रासाची सरासरी ८, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३, आणि औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत १५.४! त्रास खरा होता, रुग्ण खोटं बोलत नव्हते. पण त्याचा बहुतांश भाग औषधाने नव्हे, तर ‘आपण ती गोळी घेतोय’ या जाणिवेने होत होता. आपल्याच नोंदींचे आलेख पाहिल्यावर त्यांतल्या निम्म्या रुग्णांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

पेट्रोलची गोष्ट हुबेहूब अशी नाही, हे लगेच सांगायला हवं. इथे घट खरोखरच होते, ती मनाचा खेळ नाही. पण तिचं माप मनाने घेतलं की काय होतं, ते या बारा बाटल्यांवरून दिसतं.

दुसरं कारण वस्तू विकत घेण्याशी जोडलेलं आहे. अमेरिकेत जॅक ब्रेम यांनी १९५६मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही विद्यार्थिनींना टोस्टर, कॉफीचं यंत्र अशा घरगुती वस्तूंना गुण द्यायला सांगितलं. मग दोनपैकी एक वस्तू निवडा, ती तुमची, असं म्हटलं. निवड झाल्यावर पुन्हा गुण द्यायला लावले. घेतलेल्या वस्तूचे गुण वाढले होते, सोडलेल्या वस्तूचे घटले होते. वस्तू त्याच होत्या. एकदा ‘माझी’ झाली की तिची बाजू घेणं आपोआप सुरू होतं. आयफोनवाले आणि अँड्रॉइडवाले, इलेक्ट्रिक स्कूटरवाले आणि पेट्रोलवाले यांच्यातल्या हमरीतुमरीला बरीचशी ऊब इथूनच मिळते. दीड लाख मोजून घेतलेल्या स्कूटरबद्दल ‘चूक झाली’ म्हणणं सोपं नाही. मत दिलेल्या पक्षाबद्दल तर त्याहून अवघड.

खरी गुंतागुंत वस्तू आणि पक्ष एकत्र येतात तिथे होते. येल विद्यापीठातले डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारावर अमेरिकी प्रौढांना एक कोष्टक दाखवलं. त्वचेवरच्या पुरळासाठी एक नवीन क्रीम. क्रीम लावलेल्यांपैकी २२३ जणांचं पुरळ कमी झालं, ७५ जणांचं वाढलं. न लावलेल्यांपैकी १०७ जणांचं कमी झालं, २१ जणांचं वाढलं. क्रीम उपयोगी की अपायकारक? २२३ हा आकडा डोळ्यांत भरतो आणि बहुतेकांची तिथेच फसगत होते. प्रमाण काढलं तर क्रीम लावणाऱ्यांत सुमारे ७५ टक्के सुधारले, न लावणाऱ्यांत सुमारे ८४ टक्के. क्रीमने नुकसानच झालं. गणितात हुशार असलेल्यांना हे जास्त करून जमलं.

मग तेच आकडे ठेवून फक्त शीर्षकं बदलली. पुरळाच्या जागी आली बंदूकबंदी आणि शहरांतली गुन्हेगारी, म्हणजे तिथला सर्वांत पेटता राजकीय विषय. आता काय झालं? योग्य उत्तर आपल्या पक्षाच्या बाजूचं असेल, तेव्हा गणितात हुशार लोकांनी ते बरोबर काढलं. विरुद्ध असेल, तेव्हा त्यांची हुशारी जणू रजेवर गेली. आणि दोन पक्षांच्या लोकांतली दरी गणितात कच्च्या लोकांपेक्षा पक्क्या लोकांत अधिक रुंद होती. ग्रुपवरचा सर्वांत शिकलेला सदस्यच सर्वांत हट्टी का असतो, या प्रश्नाचं थोडंफार उत्तर यात आहे. ज्याच्याकडे वकिली करण्याची कुवत जास्त, त्याला स्वतःच्या बाजूसाठी पुरावेही जास्त सापडतात.

येलमधलाच आणखी एक प्रयोग आहे, २००२चा. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी लोकांना विचारलं, चेन म्हणजे झिप कशी चालते, कुलूप कसं उघडतं, शिलाई मशीन टाका कसा घालतं, हे तुम्हाला किती समजतं? बहुतेकांनी स्वतःला बऱ्यापैकी गुण दिले. मग म्हटलं, आता पायरी-पायरीने लिहून दाखवा. लिहिता लिहिता लोकांना घाम फुटला. पुन्हा गुण द्यायला सांगितल्यावर त्यांनी ते स्वतःहून कमी केले. रोज वापरतो म्हणून आपल्याला वस्तू कळते असं वाटतं, आणि तो भ्रम मोडायला एक कोरा कागद पुरतो.

फिलिप फर्नबॅक आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये हीच युक्ती राजकीय धोरणांवर वापरली. ‘तुमचं मत असं का’ विचारलं तर लोक कारणं देतात आणि मतं जागच्या जागी राहतात. ‘हे धोरण नेमकं कसं चालेल, ते सांगा’ म्हटलं की आपल्याला तितकं कळत नाही हे त्यांच्या ध्यानात येतं आणि त्यांच्या प्रयोगात मतांची धारही कमी झाली. पुढे २०२१मध्ये इतर संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा धार कमी होण्याचा भाग मात्र आढळला नाही. म्हणजे अज्ञान उमगलं तरी माणूस मवाळ होतोच असं नाही. घराघरांतल्या अनुभवाशी हे जुळतं, असंच म्हणावं लागेल!

पण पेट्रोलच्या बाबतीत ‘का’ सोडून ‘कसं’ विचारायचा एक फायदा आहे. इथे उत्तर मोजता येतं. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा लिहायचा, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची, धावलेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागायचं. एका टाकीवरून काही कळत नाही, पाच-सहा टाक्यांची सरासरी लागते. टायरची हवा तेवढी सारखी ठेवायची. जुन्या नोंदी असतील तर तुलना करता येते, नसतील तर ‘पूर्वी पंचावन्न देत होती’ याला फारसा अर्थ नाही.

आणि मग कळीचा मुद्दा उरतो, पैशाचा. लिटरला ५० किलोमीटर जाणारी आणि वर्षाला १२ हजार किलोमीटर धावणारी दुचाकी २४० लिटर पेट्रोल पिते. चार टक्के घट धरली तर दहा लिटर जास्त. शंभरीपार पेट्रोलच्या भावाने हजार-अकराशे रुपये. लिटरला १५ किलोमीटर देणारी जुनी मोटार तेवढंच धावली आणि सहा टक्के घट धरली, तर पन्नासेक लिटर जास्त, म्हणजे पाच हजारांवर. डिलिव्हरीचं काम करणारा मुलगा वर्षाला याच्या कितीतरी पट फिरतो. त्याच्यासाठी हा ग्रुपवरचा वाद नाही, खिशातला खड्डा आहे. कच्च्या तेलाची आयात कमी होणं, ऊस आणि मक्याला गिऱ्हाईक मिळणं हे फायदे देशाचे आणि शेतकऱ्याचे. ते खरे असू शकतात आणि तरीही या मुलाची तक्रारही खरी असू शकते. ग्राहकाला होणारी ही घट भरून निघावी म्हणून करसवलतीचा विचार व्हावा, असं नीती आयोगाच्या त्या आराखड्यातच सुचवलेलं आहे. त्याबद्दल ग्रुपवर क्वचितच कुणी बोललं. ती मागणी दोन्ही बाजूंना मिळून करता आली असती.

पंपावर इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा, ही मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. ब्राझीलचा दाखला नेहमी दिला जातो. तिथे तर ऑगस्ट २०२५पासून पेट्रोलमध्ये तीस टक्के इथेनॉल आहे. पण तिथे १९७०च्या दशकापासून गाड्या त्यासाठी घडत आल्या. आपल्याकडे ई-२०ला टिकतील असे सुटे भाग असलेल्या गाड्या एप्रिल २०२३पासून सर्रास येऊ लागल्या. त्याआधीच्या गाड्यांत इंधनाच्या रबरी नळ्या, वॉशर, सील हे भाग इथेनॉलने फुगू किंवा कडक होऊ शकतात. सर्व्हिसिंगच्या वेळी ते पाहून घ्यायला सांगावं, खराब असतील तर बदलावेत. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, म्हणून कार्ब्युरेटरवाली गाडी पावसाळ्यात महिना-दोन महिने उभी राहणार असेल, तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल आधीच काढून टाकलेलं बरं.