हॉट हॅचबॅक देऊन आलिशान स्पोर्ट्स सेडान घेणे : वाहन-विनिमयाचा तांत्रिक, आर्थिक व कायदेशीर विचार
(तुळजापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : वाहन-विनिमय, प्रतिटन शक्ती, चाकांतर, वस्तू व सेवा कर, मालकी-हस्तांतरण, मानीव मालक.

प्रास्ताविक

तुळजापूर हे श्री तुळजाभवानीचे क्षेत्र असल्याने नवे वाहन घेतल्यानंतर ते प्रथम देवीच्या दर्शनास आणण्याची रीत मराठवाडा व सोलापूर परिसरातील अनेक कुटुंबांत आढळते. हार घातलेले नवे वाहन सर्वांना दिसते. त्याच्या मोबदल्यात दिलेले जुने वाहन कोठे गेले, ते कोणाच्या नावावर राहिले, याची चौकशी मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखात अशा विनिमयाच्या एका विशिष्ट प्रकाराचा विचार केला आहे. लहान, हलकी व वेगवान मोटार, म्हणजेच 'हॉट हॅचबॅक' देऊन मोठी, आलिशान आणि तितकीच वेगवान 'स्पोर्ट्स सेडान' घेणे, हा तो प्रकार होय.

हा विनिमय वरकरणी एकच व्यवहार वाटतो. वस्तुतः त्यात तीन व्यवहार एकत्र गुंफलेले असतात : जुन्या वाहनाची विक्री, नव्या वाहनाची खरेदी आणि कायदेशीर जबाबदारीचे हस्तांतरण. यांपैकी पहिल्या दोहोंची चर्चा विक्रीदालनात होते. तिसरा बहुधा गृहीत धरला जातो. ग्राहकाचे सर्वांत मोठे नुकसान या तिसऱ्या व्यवहारातील दुर्लक्षामुळे संभवते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन वाहनप्रकारांचे स्वरूप

हॉट हॅचबॅक म्हणजे नेहमीच्या वापरातील लहान मोटारीला अधिक शक्तिशाली इंजिन, कडक सस्पेन्शन व चांगले ब्रेक देऊन तयार केलेले वाहन. भारतात या प्रकाराची उदाहरणे मोजकीच आहेत. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार होणारी फियाटची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये बाजारात आली. तिची शक्ती १४५ अश्वशक्ती होती. २०१६ मध्ये फोक्सवॅगनची पोलो जीटीआय मर्यादित संख्येत आयात झाली. तिची शक्ती १९२ अश्वशक्ती होती. २०२१ मध्ये आलेली ह्युंदाई आय-२० एन लाइन ही १२० अश्वशक्तीची मोटार याच प्रकाराचे सौम्य रूप मानता येईल.

आलिशान सेडानच्या बाबतीत महाराष्ट्राचे स्थान विशेष आहे. मर्सिडीज-बेंझच्या मोटारी चाकण येथे, तर ऑडीच्या मोटारी छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथे जुळविल्या जातात. म्हणजे या वर्गातील काही वाहनांचे जन्मस्थान मराठवाड्यातच आहे.

शक्ती, वजन आणि घाट

वाहनाची तुलना करताना सामान्यतः अश्वशक्तीचा आकडा पाहिला जातो. तो पुरेसा नाही. शक्तीस वजनाने भागले असता येणारी 'प्रतिटन शक्ती' अधिक उद्बोधक ठरते. पोलो जीटीआयचे वजन सुमारे १.२७ टन, म्हणजे प्रतिटन सुमारे १५१ अश्वशक्ती. बीएमडब्ल्यू ३३०आय या सेडानची शक्ती २५८ अश्वशक्ती व वजन सुमारे १.५५ टन, म्हणजे प्रतिटन सुमारे १६६ अश्वशक्ती. एकूण शक्ती जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. प्रतिटन शक्ती मात्र एक दशांशानेच वाढते. उरलेली वाढ वाहनाचे स्वतःचे वजन वाहण्यात खर्च होते. शिवाय समान वेगाने धावणारे जड वाहन थांबविण्यासाठी ब्रेकना वजनाच्या प्रमाणात अधिक ऊर्जा शोषावी लागते. म्हणून अशा वाहनाचे ब्रेक व टायर मोठे असतात आणि ते बदलण्याचा खर्चही मोठा असतो.

दुसरा भेद चालक चाकांचा आहे. हॉट हॅचबॅकमध्ये बहुधा पुढील चाकेच वाहन ओढतात व वळवितातही. चढावर वा वेग वाढविताना वजनाचा भार मागे सरकतो, पुढील चाकांची पकड कमी होते आणि वळणावर वाहन बाहेरच्या बाजूस सरकू पाहते. बीएमडब्ल्यू किंवा मर्सिडीजच्या अनेक सेडानमध्ये मागील चाके वाहनास ढकलतात. मागे सरकलेला भार तेथे उपयोगी पडतो. बालाघाटच्या डोंगररांगेवरील तुळजापूरच्या घाटरस्त्यावर हा फरक चालकास सहज जाणवू शकतो. सोलापूर–येडशी चौपदरी महामार्गावर लांब सेडानचे स्थैर्य आणि शांतता हे खरे लाभ ठरतात. उलट यात्रेच्या दिवसांत मंदिर परिसरातील गर्दीत, चढउताराच्या अरुंद गल्ल्यांत लहान मोटारच सोयीची असते.

गतिरोधकाचे गणित

लांब वाहनाच्या खरेदीपूर्वी ग्राहकाने स्वतः करून पाहावे असे एक साधे गणित येथे देता येईल. पुढील व मागील चाकांच्या आसांमधील अंतरास येथे चाकांतर म्हटले आहे. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकानुसार ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असतो. त्याच्या वर्तुळाकाराची त्रिज्या १७ मीटर असते. वाहन या गतिरोधकावर मध्यभागी असताना दोन्ही चाकांच्या टेकण्याच्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषेपेक्षा गतिरोधकाचा माथा जेवढा वर येतो, तेवढे अंतर वाहनाच्या पोटाखालून कमी होते. ही उंची चाकांतराच्या वर्गास त्रिज्येच्या आठपटीने भागले असता मिळते.

आय-२० एन लाइनचे चाकांतर २.५८ मीटर आहे. त्यावरून ही उंची सुमारे ४.९ सेंटिमीटर येते. बीएमडब्ल्यू ३३०आयचे चाकांतर सुमारे २.८५ मीटर असल्याने ती सुमारे ६ सेंटिमीटर होते. फरक एका सेंटिमीटरचा दिसतो, पण सेडान मुळातच जमिनीलगत बेतलेली असते आणि चार प्रवासी व सामान असताना आणखी दबते. गावोगावी घातलेले अरुंद गतिरोधक तर मानकानुसार नसतात. ते दोन्ही चाकांच्या मधोमध मावतात, तेव्हा त्यांची संपूर्ण उंची वाहनाच्या पोटाखालून वजा होते. म्हणून आपल्या नेहमीच्या मार्गावर, पूर्ण भारासह चाचणी-फेरी घेणे हे दालनातील माहितीपत्रकापेक्षा अधिक विश्वसनीय होय.

विनिमयाचे अर्थकारण

२२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार चार मीटरपर्यंत लांबीच्या व १२०० घनसेंटिमीटरपर्यंत क्षमतेच्या पेट्रोल मोटारींवर १८ टक्के, तर त्याहून मोठ्या पेट्रोल मोटारींवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. या दोन्ही अटी एकत्रितपणे पूर्ण व्हाव्या लागतात. त्यामुळे अबार्थ पुंटोसारखी लांबीने लहान, पण १३६८ घनसेंटिमीटर इंजिनाची मोटार कराच्या दृष्टीने 'लहान' ठरत नाही. ९९८ घनसेंटिमीटरची आय-२० एन लाइन मात्र ठरते.

महाराष्ट्रात वैयक्तिक मालकीच्या पेट्रोल मोटारीवरील एकरकमी वाहनकर किमतीनुसार १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के व त्यापुढे १३ टक्के असा आहे. उदाहरणादाखल, करासह ६० लाख रुपये किमतीच्या सेडानच्या मोबदल्यात ८ लाखांची जुनी हॅचबॅक दिली असे समजू. ६० लाखांत वस्तू व सेवा कराचा वाटा सुमारे १७ लाख १४ हजार रुपये असतो. १३ टक्के दराने वाहनकर ७ लाख ८० हजार रुपये होतो. म्हणजे जुन्या मोटारीची जवळजवळ संपूर्ण किंमत एकट्या वाहनकरात जाते.

जुन्या वाहनाची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच कर लागतो, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियम, २०१७ मधील २७ व्या नियमानुसार मोबदल्याचा काही भाग वस्तुरूपाने दिला, तरी कर खुल्या बाजारातील पूर्ण मूल्यावर आकारला जातो. जुनी मोटार विकत घेऊन पुढे विकणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यास जानेवारी २०२५ पासून आपल्या नफ्याच्या फरकावर १८ टक्के कर भरावा लागतो. स्वतःची मोटार विकणाऱ्या सामान्य व्यक्तीस तो लागू नाही. तथापि व्यापारी हा भार विचारात घेऊनच जुन्या मोटारीची किंमत सांगतो, हे लक्षात घेतले पाहिजे.

येथे मराठवाड्यातील एक घटना उल्लेखनीय आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तत्कालीन औरंगाबाद शहरातील उद्योजक व व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज मोटारी एकाच वेळी खरेदी केल्या. समूहाने खरेदी केल्यामुळे त्यांना किमतीत व कर्जाच्या व्याजदरात सवलत मिळविता आली. मोटारीसाठी मिळालेले स्वस्त कर्ज आणि ट्रॅक्टरसाठी शेतकऱ्यास मिळणारे महाग कर्ज यांतील विषमतेकडे पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या वेळी लक्ष वेधले होते. ही टीका आजही विचार करण्याजोगी आहे. प्रस्तुत विषयापुरता बोध असा की, सौदाशक्ती संख्येवर अवलंबून असते. विनिमय करणारा ग्राहक एकटा असतो आणि दोन्ही वाहनांच्या किमती एकच विक्रेता सांगतो. तो जुन्या मोटारीस 'चांगला भाव' देऊन नव्या मोटारीवरील सूट कमी करू शकतो. म्हणून विनिमयाविना नव्या वाहनाची किंमत व स्वतंत्र खरेदीदाराकडून जुन्या वाहनाची किंमत, हे दोन आकडे आधी लेखी घ्यावेत. त्यानंतरच विनिमयाचा प्रस्ताव पाहावा.

जबाबदारीचे हस्तांतरण

चावी दिली म्हणजे मालकी संपली, असे कायदा मानत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीची सूचना विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास द्यावयाची असते. त्यासाठी नमुना २९ व ३० वापरले जातात. कर्जाचा बोजा असल्यास तो उतरविण्यासाठी नमुना ३५ आणि दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीत वाहन जाणार असल्यास ना-हरकत प्रमाणपत्रासाठी नमुना २८ लागतो. तुळजापूरची 'एमएच २५' क्रमांकाची मोटार पुणे वा सोलापूर येथील व्यापाऱ्याकडे गेली, तर ती पुढे कोणास विकली जाते हे मूळ मालकास कळेलच असे नाही.

या दुर्लक्षाचा परिणाम नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयात स्पष्ट दिसतो. त्या प्रकरणातील मोटार २००७ मध्ये विकली गेली असे सांगण्यात आले. पुढे ती अनेकांच्या हाती गेली व २००९ मध्ये अपघात झाला. नोंदणी मात्र पहिल्या मालकाच्याच नावावर होती. अपघातग्रस्तांनी मालकांची साखळी शोधत फिरावे अशी अपेक्षा करता येत नाही. म्हणून नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक व तोच भरपाईस जबाबदार, असे न्यायालयाने ठरविले. वेगवान हॅचबॅकच्या बाबतीत हा धोका अधिक गंभीर मानावा लागेल. कारण अशी मोटार वेगाच्या आकर्षणानेच पुढे विकत घेतली जाण्याची शक्यता असते.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी यावर एक उपाय दिला आहे. व्यापारी परिवहन विभागाकडून प्राधिकृत असल्यास वाहन त्याच्या स्वाधीन केल्याची सूचना नमुना २९-सी द्वारे देता येते. त्यानंतर तो व्यापारी 'मानीव मालक' ठरतो व जबाबदारी त्याच्याकडे जाते. प्राधिकृत नसलेल्या व्यापाऱ्याच्या बाबतीत हे संरक्षण मिळत नाही.

विम्याचाही विचार आवश्यक आहे. विमापत्र वाहनासोबत जाते, परंतु दावा न केल्याबद्दल मिळणारी, कमाल ५० टक्क्यांपर्यंतची सवलत व्यक्तीची असते. विमा कंपनीकडून तसे पत्र घेऊन ती नव्या सेडानच्या स्वतःच्या नुकसानीच्या विमाहप्त्यास लावता येते. महाग वाहनाच्या बाबतीत ही रक्कम लक्षणीय असते. जुन्या वाहनाचा फास्टॅगही बंद करावा. अन्यथा तामलवाडीच्या पथकर नाक्यावरील दुसऱ्याच्या फेऱ्या आपल्या खात्यातून वजा होऊ शकतात.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, हॉट हॅचबॅक देऊन स्पोर्ट्स सेडान घेणारा ग्राहक चपळपणा देऊन स्थैर्य व आराम मिळवितो. वेगातील वाढ मात्र अश्वशक्तीच्या आकड्याइतकी मोठी नसते. जुन्या मोटारीची किंमत करापुरतीही जेमतेम पुरते. हा सौदा योग्य की अयोग्य, हे ज्याच्या त्याच्या गरजेवर, मार्गावर व ऐपतीवर अवलंबून राहील. परंतु नोंदणी-हस्तांतरणाच्या बाबतीत आवडीनिवडीस वाव नाही. नव्या वाहनाची पूजा होण्यापूर्वी जुन्या वाहनावरील आपले नाव उतरले आहे, किंवा प्राधिकृत व्यापाऱ्याची पोच आपल्या हाती आहे, याची खात्री प्रत्येक ग्राहकाने करून घ्यावी. रस्त्यावर अपघात होऊन एखादे कुटुंब भरपाईसाठी न्यायालयात उभे राहते, तेव्हा नोंदणीपुस्तकातील नावावरूनच जबाबदार व्यक्ती ठरते.