हजेरी मिळाली, पण पुरी मिळाली का?

हंगामात नारायणगावच्या बाजार समितीत टोमॅटोच्या क्रेटांची थप्पी लागते. किती माल आला, काय भावाने गेला, याची रोज नोंद होते. तो माल तोडणारे हात पुष्कळदा जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यातून आलेले असतात. त्या हातांवर कायद्याने ठरवलेली मजुरी पडली का, हे मात्र क्वचितच मोजले जाते. मोजायला बसण्याआधी काही गैरसमज दूर करायला हवेत.

गैरसमज १ : किमान वेतन कारखान्यांसाठी असते, शेतीला ते लागू नाही.

वस्तुस्थिती : १९४८च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीचा दुसरा भाग शेतीसाठीच होता. मशागत, तोडणी, माल बाजारात पोहोचवणे ही सगळी कामे त्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या २०१९च्या वेतन संहितेने तर अनुसूचीची अटच काढली. किमान वेतनाचा हक्क आता सर्व कामांना लागू आहे.

गैरसमज २ : दोघांच्या राजीखुशीने हजेरी ठरली, मग कायद्याचा प्रश्न कुठे येतो?

वस्तुस्थिती : किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल ठरतो. मालकाला परवडत नाही, ही सबब चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१मध्येच उन्निचोयी खटल्यात सांगितले. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या कलम २३ने मना केलेली वेठबिगारी, असा निर्णय १९८२मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात झाला. टोमॅटोचा भाव कोसळला की शेतकरी खरोखर अडचणीत येतो. पण त्या तोट्याची भरपाई मजुराच्या पोटातून होऊ शकत नाही. आणि सारख्याच कामाला गड्याची हजेरी जास्त, बाईची कमी, हा रिवाज १९७६च्या समान वेतन कायद्यापासून बेकायदा आहे.

गैरसमज ३ : उक्त्या कामाला किमान वेतन मोजता येत नाही.

वस्तुस्थिती : येते, आणि हिशेब सोपा आहे. समजा, आठ जणींच्या टोळीने कांदा काढणी ६,००० रुपयांना अंगावर घेतली आणि दोन दिवसांत उरकली. कामाचे दिवस झाले सोळा, म्हणजे प्रत्येकीला दिवसाला ३७५ रुपये. त्यातून मुकादमाने कापलेली रक्कम वजा करायची आणि रोज किती तास राबल्या ते पाहून उरलेली रक्कम किमान वेतनाशी ताडायची. बारा तासांचे ३७५ आणि आठ तासांचे ३७५ एक नव्हेत. मुकादमामार्फत माणसे लावली तरी कायद्याच्या नजरेत कामावर लावणाराच मालक असतो.

गैरसमज ४ : तक्रार नाही, म्हणजे कायदा पाळला जातोय.

वस्तुस्थिती : आज तक्रार करणारीला उद्या कुणी कामावर नेणाऱ्या गाडीत बसवील का, ही भीती असते. म्हणून तक्रारींच्या आकड्यावरून भीती कळते, पालन कळत नाही. मस्टरवरच्या सहीवरून हातात पडलेली रक्कम सिद्ध होत नाही. मजुराच्या घरी जाऊन विचारणे हा खरा मार्ग. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची श्रमबल पाहणी २०१७पासून रोजंदारीची कमाई आणि कामाचे तास असेच विचारते. पण तिचा नमुना एकेका तालुक्याचे चित्र दाखवण्याइतका मोठा नसतो. आज तक्रार करता आली नाही, तरी हक्क लगेच बुडत नाही : नव्या वेतन संहितेत दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे आणि मजुरी दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे.

गैरसमज ५ : किती टक्के मजुरांना कमी मिळते, एवढे कळले की पुरे.

वस्तुस्थिती : समजा, किमान वेतनाचा दर दिवसाला ४०० रुपये आहे. दहा जणींच्या पहिल्या टोळीत सहा जणींना ३८० मिळाले. दहा जणींच्याच दुसऱ्या टोळीत तिघींनाच कमी मिळाले, पण ते २५०. टक्केवारी पाहिली तर पहिली टोळी वाईट : ६० विरुद्ध ३० टक्के. बुडालेली रक्कम पाहिली तर चित्र उलटते : पहिलीत १२० रुपये, दुसरीत ४५०. म्हणून हारून भोराट, रवी कानबूर आणि नताशा मायेत या अर्थतज्ज्ञांनी दक्षिण आफ्रिकेचा अभ्यास करताना उल्लंघन किती जणांबाबत झाले याबरोबर ते किती खोल आहे, हेही धरणारा निर्देशांक मांडला.

हे मोजमाप गावातही सुरू करता येते. साध्या वहीत तारीख, काम, सुरू आणि संपल्याची वेळ, ठरलेली रक्कम, हातात आलेली रक्कम, कापलेली रक्कम असे सहा रकाने पाडा. लिहिता न येणाऱ्या आईसाठी शाळेत जाणारी मुलगी ते भरू शकते. उद्या दावा लावायची वेळ आली, तर तारीखवार लिहिलेली ती पाने मस्टरसमोर ठेवता येतील. बाजार समितीत एकेका क्रेटाचा हिशेब लागतो. ते भरणाऱ्या बाईच्या दिवसाचाही लागलाच पाहिजे.